‘पावती लगेच यावी’ : दूध संकलन सॉफ्टवेअरच्या गुणवत्ता-अटींच्या प्रकल्प नोंदी

४ जून : आलेल्या अटी

दूध संघाच्या मागणीपत्रात सुविधांची यादी ३८ पानांची आहे. गुणवत्तेबद्दल शेवटच्या पानावर ‘इतर अटी’ या सदरात ११ वाक्ये आहेत. नमुन्यादाखल चार : पावती लगेच यावी. सिस्टीम २४ तास चालू राहावी. सचिवाला वापरायला सोपी असावी. डेटा सुरक्षित राहावा.

यातल्या एकाही वाक्यावर ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शिक्का मारता येत नाही. एकच पावती पाहून एक जण ‘लगेच आली’ म्हणेल, दुसरा ‘उशीर झाला’ म्हणेल आणि दोघेही बरोबर ठरतील.

पुढच्या सगळ्या गणितासाठी धरलेले आकडे : ४०० संकलन केंद्रे, प्रत्येक केंद्रावर एका शिफ्टला १२० उत्पादक, म्हणजे शिफ्टला ४८,००० नोंदी. केंद्र अडीच तास उघडे असते, पण खरी गर्दी ९० मिनिटांची. प्रत्येक अटीचे एक कार्ड करायचे आहे. हे आकडे बदलले तर कार्डांवरच्या मर्यादाही बदलतील, म्हणून ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

५ जून : वर्गवारी

११ वाक्ये आयएसओ/आयईसी २५०१० या सॉफ्टवेअर-गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रकान्यांत बसवून पाहिली. २०११ च्या आवृत्तीत आठ गुणधर्म आहेत, २०२३ च्या आवृत्तीत नऊ. नव्या आवृत्तीत सेफ्टी स्वतंत्र आली, युजेबिलिटीचे नाव इंटरॅक्शन केपेबिलिटी झाले आणि पोर्टेबिलिटीचे फ्लेक्सिबिलिटी. कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवहीत वर्षासकट लिहावे. नाहीतर एकाच अटीला दोन नावे पडतात आणि शोधताना ती सापडत नाही.

‘पावती लगेच यावी’ कामगिरीत जाते की वापरसुलभतेत, यावर अर्धा दिवस गेला. निष्पन्न काही झाले नाही. वर्गवारीचा उपयोग एकच : कोणता रकाना रिकामा राहिला ते दिसते. इथे दोन रिकामे राहिले. दरपत्रक बदलले तर किती वेळात लागू व्हावे हे कोणी सांगितलेले नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची फॅट मशिने जोडण्याबद्दलही काही नाही. दोन्ही प्रश्न संघाकडे पाठवले.

६ जून : कार्डाचा साचा

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने रूढ केलेला सहा भागांचा प्रसंग-साचा घेतला : कोणाकडून, काय घडते, कशावर, कोणत्या परिस्थितीत, प्रतिसाद काय, आणि तो किती. त्याला तीन गोष्टी जोडल्या. टॉम गिल्ब यांच्या प्लँग्वेज या, अटी आकड्यांत लिहिण्याच्या पद्धतीतून ‘हवे’ आणि ‘चालेल’ या दोन मर्यादा व ‘माप कुठे लावायचे’ हा रकाना घेतला. ‘कशामागे मोजायचे’ हा रकाना आपला.

गु-०१, पावतीचा वेळ
कोणाकडून : फॅट मशीन
काय घडते : वाचन पूर्ण होऊन आकडे सीरियल पोर्टवर येतात
कशावर : केंद्रावरचा संगणक आणि प्रिंटर
परिस्थिती : सकाळची शिफ्ट, गर्दीची ९० मिनिटे, इंटरनेट बंद, १० दिवसांच्या नोंदी पाठवायच्या राहिलेल्या
प्रतिसाद : आधी नोंद जतन, मग पावती
किती : हवे ३ सेकंद, चालेल ५ सेकंद
माप कुठे : मशीनचा शेवटचा बाइट येण्यापासून पावतीची शेवटची ओळ छापून होईपर्यंत
कशामागे : (१३ जूनची नोंद पाहा)

३ सेकंद कुठून आले हे कार्डाच्या मागे लिहिले आहे. ९० मिनिटे म्हणजे ५,४०० सेकंद. १२० उत्पादकांत वाटले की माणशी ४५ सेकंद. या केंद्रांवरच्या मशीनला एका नमुन्याला ३५ सेकंद धरले तर १० उरतात. नमुना ओतणे, कोड टाकणे, किटली बाजूला घेणे यात ७ जातात. उरले ३. पावतीला ५ सेकंद लागले तर १२० जणांमागे २४० सेकंद, म्हणजे रांग ४ मिनिटांनी लांबते. तेवढे संस्था सोसते. ‘चालेल’चा आकडा असाच काढावा. गोल आकडा म्हणून ५ लिहिला तर पुढे कोणीतरी तो १० करायला सांगेल आणि ‘का नाही’ याचे उत्तर कोणाकडे नसेल.

‘परिस्थिती’ हा रकाना पहिल्या मसुद्यात ११ पैकी ९ कार्डांवर ‘नेहमीची’ असा भरला होता. सगळी कार्डे परत केली. ‘नेहमीची’ म्हणजे ऑफिसातला संगणक, चालू इंटरनेट आणि रिकामा डेटाबेस. केंद्रावर यातले काहीच नसते.

१० जून : गु-०१ ची पहिली मोजणी, २४ सेकंद

प्रोग्रामच्या लॉगमध्ये वेळ ०.४ सेकंद दिसत होता. पावती हातात येईपर्यंत मात्र २४ सेकंद. फोनवर सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ घेऊन फ्रेम मोजल्या, आकडा पक्का आहे. लॉगची वेळ प्रिंटरकडे काम सोपवल्याच्या क्षणी थांबते. कार्डावर ‘माप कुठे’ लिहिलेले नसते तर ०.४ वर शिक्का बसला असता.

कारण प्रिंटरच्या केबलमध्ये निघाले. ५८ मिमी कागदाच्या थर्मल प्रिंटरची छपाईची रुंदी ४८ मिमी, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके किंवा ४८ बाइट. प्रिंटरच्या आतल्या फाँटात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी पावती चित्र म्हणून पाठवावी लागते. ६० मिमी लांबीची पावती म्हणजे ४८० ठिपका-ओळी, गुणिले ४८, एकूण २३,०४० बाइट. पोर्टचा वेग ९,६०० बॉड. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. २३,०४० भागिले ९६०, बरोबर २४ सेकंद. इंग्रजीत छापलेली हीच पावती दोनेकशे बाइटची असते आणि पाव सेकंदाच्या आत प्रिंटरपर्यंत पोचते. डेमो इंग्रजी पावतीवर झाला होता.

२४ सेकंद म्हणजे ठरवलेल्यापेक्षा २१ जास्त. १२० जणांमागे ४२ मिनिटे.

उपाय, सोप्यापासून :
– प्रिंटरचा वेग १,१५,२०० बॉडवर नेणे. तीच पावती २ सेकंदांत जाते. काही प्रिंटरवर हे तळाच्या डिप स्विचने बदलते, काहींवर कंपनीच्या युटिलिटीने. प्रिंटर आणि संगणक दोन्हीकडे एकच वेग हवा, नाहीतर कागदावर कचरा छापला जातो.
– यूएसबी प्रिंटर असेल तर प्रश्नच मिटतो.
– कोऱ्या ओळी चित्रात न पाठवता ‘कागद पुढे सरकव’ ही आज्ञा देणे.
– संस्थेचे नाव-पत्ता प्रिंटरच्या कायम स्मृतीत एकदाच साठवणे. पावती ६० वरून ४० मिमीवर आणली तर बाइट १५,३६० होतात. पण ९,६०० बॉडवर तेवढ्यालाही १६ सेकंद लागतात, म्हणजे नुसत्या काटछाटीने अट पुरी होत नाही.

‘पावती मराठीत असावी’ आणि ‘पावती लगेच यावी’ ही दोन वाक्ये मागणीपत्रात एकाखाली एक होती. त्यांची टक्कर ९,६०० या आकड्यात होती. कार्ड गु-०१ आणि गु-०२ वर एकमेकांचे क्रमांक लिहिले.

१३ जून : कशामागे मोजायचे

गु-०१ वर आधी ‘९५ टक्के पावत्या ३ सेकंदांत’ असे होते. सरासरीपेक्षा हे बरेच, पण पुरेसे नाही. शिफ्टच्या ४८,००० पावत्यांचे ५ टक्के म्हणजे २,४००. आता २० केंद्रांवर जुने प्रिंटर आहेत असे धरू. २० गुणिले १२०, बरोबर २,४००. म्हणजे त्या २० गावांत रोज, प्रत्येक उत्पादकाला, प्रत्येक पावती उशिरा मिळाली तरी अट ‘पास’.

म्हणून : प्रत्येक केंद्र, प्रत्येक शिफ्ट वेगळी मोजायची. १२० पैकी ११४ पावत्या ३ सेकंदांत, बाकी ६ पाचांत. अहवालात संघाची सरासरी दाखवायचीच नाही. सर्वांत वाईट १० केंद्रांची यादी दाखवायची.

हा बदल झाल्यावर बाकीची कार्डे पुन्हा काढली. सहा कार्डांवर हीच चूक सापडली.

१७ जून : गु-०५, ‘२४ तास चालू’

संघाला ९९.५ टक्के उपलब्धता मान्य आहे. ३० दिवसांचे ७२० तास, त्याचा अर्धा टक्का ३ तास ३६ मिनिटे. एवढा खंड एकाच सकाळी पडला तर अख्खी शिफ्ट गेली, तरी करारात सगळे बरोबर. दूध थांबत नाही, टँकरही थांबत नाही. रात्री २ वाजता सर्व्हर बंद असला तर मात्र कोणाचे काही अडत नाही.

फक्त शिफ्टचे तास धरले तर महिन्याला १५० तास होतात आणि अर्धा टक्का ४५ मिनिटांचा. तेही एकत्र मोजले तर फसवते : एक केंद्र महिनाभर पूर्ण बंद राहिले तरी ४०० पैकी ३९९ चालू, म्हणजे ९९.७५ टक्के. पास.

नवे शब्दांकन : कोणत्याही केंद्रावर, शिफ्टच्या वेळेत, संकलन सलग २ मिनिटांपेक्षा जास्त थांबता कामा नये. सर्व्हर किंवा इंटरनेट नसताना केंद्र १० दिवस स्वतंत्र चालले पाहिजे. १० दिवस का, तर बिल १० दिवसांचे निघते. सर्व्हरची टक्केवारी वेगळ्या कार्डावर नेली, तिथे ९९.५ राहू दिली.

१९ जून : गु-०७, नोंदी सर्व्हरकडे

४८,००० नोंदी ९० मिनिटांत सारख्या आल्या तर सेकंदाला ९. भार-चाचणी याच आकड्यावर लिहिली होती. पण तालुक्याची वीज किंवा नेट परत आले की सगळी केंद्रे एकदम पाठवतात. १० मिनिटांत आले तर सेकंदाला ८०. कार्डाची परिस्थिती ‘दोन तासांच्या खंडानंतर जोडणी परत’ अशी केली. उपाय : प्रत्येक केंद्राने ० ते १० मिनिटांत यादृच्छिक उशीर घ्यायचा आणि १२० नोंदी एका गठ्ठ्यात पाठवायच्या.

दुप्पट नोंदीची मर्यादा शून्य. सर्व्हरने जतन केले पण उत्तर वाटेत हरवले, तर केंद्र पुन्हा पाठवते. म्हणून नोंदीची ओळख (केंद्र, तारीख, शिफ्ट, अनुक्रमांक) केंद्रावरच तयार व्हावी. संगणकाच्या बोर्डावरची बॅटरी मेली की तारीख मागे जाते आणि ही ओळख बिघडते. घड्याळ शेवटच्या नोंदीपेक्षा मागे दिसले तर शिफ्ट उघडण्याआधी सचिवाला तारीख विचारायची.

२४ जून : गु-०८, वीज गेल्यावर

‘डेटा सुरक्षित राहावा’चे तीन वेगळे अर्थ निघाले : नोंद हरवू नये, नोंद कोणी बदलू नये, नोंद दुसऱ्याला दिसू नये. तीन कार्डे केली. पहिल्याचे शब्दांकन : पावती छापली गेलेली नोंद वीज गेल्यानंतरही डेटाबेसमध्ये असलीच पाहिजे.

स्थानिक डेटाबेस एसक्यूलाइट, डब्ल्यूएएल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिला जातो). त्यात सिंक्रोनस, म्हणजे लिखाण डिस्कवर कधी पक्के करायचे ही सेटिंग, ‘नॉर्मल’ ठेवली होती. या जोडीत वीज गेली तर फाइल शाबूत राहते, पण शेवटचे काही व्यवहार मागे फिरू शकतात. म्हणजे उत्पादकाच्या हातात पावती आणि वहीत नोंद नाही. ‘फुल’ केले. प्रत्येक नोंदीला डिस्कवर पक्के लिहिण्याचा थोडा वेळ वाढतो, पण ३ सेकंदांच्या हिशोबात तो बसतो.

चाचणी कशी करायची यावर स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारणे ही वीज जाण्याची चाचणी नाही. प्रोग्राम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशेतले लिखाण डिस्कवर जातेच, त्यामुळे ‘नॉर्मल’ही पास होते. लॅपटॉपचा प्लग काढणेही नाही, आत बॅटरी आहे. डेस्कटॉप, यूपीएस काढून, रिलेने मुख्य पुरवठा तोडायचा आणि छापलेले पावती क्रमांक डेटाबेसशी ताडून पाहायचे.

किती वेळा? ५० वेळा तोडून एकही नोंद हरवली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की हरवण्याचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत आहे (३ भागिले ५०). १ टक्क्याच्या आत म्हणायला ३०० वेळा तोडावे लागते. एका फेरीला ३ मिनिटे, एकूण १५ तास. रिले रात्रभर लावून ठेवला. कार्डावर ‘शून्य’ लिहिताना शेजारी फेऱ्यांची संख्या लिहिली नाही तर त्या शून्याला किंमत नाही.

२७ जून : गु-११ आणि गु-१२, मराठी अक्षरे

एसएमएस. मराठी मजकुराच्या एका संदेशात ७० युनिट बसतात. त्यापुढे गेले की तुकडे पडतात आणि प्रत्येकात ६७ उरतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, रिकामी जागा, सगळे स्वतंत्र मोजले जाते. सध्याचा मजकूर :

कोड १२३ सकाळ ५.४ लि फॅट ३.८ एसएनएफ ८.५ दर ३४.२० रु १८४.६८

हे ५७ युनिट. शेवटी ‘सहकारी दूध उत्पादक संस्था’ जोडायची सूचना आली आहे. ते २५, मधली जागा १, एकूण ८३. म्हणजे दोन संदेशांचे पैसे. दिवसाला दोन शिफ्टचे ९६,००० संदेश, बिल १,९२,००० संदेशांचे. कार्डावर मर्यादा ‘७० युनिट, सर्वांत मोठ्या रकमेसह’ अशी लिहिली. संदेशाचा साचा डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची व्यवस्था) आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे हा बदल शेवटच्या दिवशी होत नाही.

नावाचा शोध. ‘कऱ्हाडकर’ हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होते : ऱ, हलन्त, ह किंवा र, हलन्त, शून्य-रुंदी जोडक (पडद्यावर न दिसणारे चिन्ह), ह. पडद्यावर तंतोतंत सारखे, शोधताना वेगळे. ‘ॲ’चेही तसेच : एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत) या दोन्ही जोड्या एक करत नाही, त्यामुळे रूपांतराचे छोटे कोष्टक स्वतः ठेवावे लागते. अट : चार कीबोर्डांवर टाइप केलेली ठरावीक ४० नावे, सर्व सापडली पाहिजेत.

१ जुलै : गु-१३, फॅटचे पूर्णांकन

मशीन ४.३५ देते. दरपत्रक एका दशांशाचे. कागदावर ४.४ होते, प्रोग्रामने ४.३ चा दर लावला. ४.३५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी बसत नाही, ती ४.३४९९९… अशी साठते आणि खाली येते. फॅट शतांशांत पूर्णांक (४३५) आणि रक्कम पैशांत पूर्णांक ठेवायची. शेवटचा ५ वर न्यायचा की सोडून द्यायचा हा निर्णय संघाचा, लेखी मागवला आहे. चाचणी : ३.०० ते ९.९९ मधली सर्व ७०० मूल्ये, हाताने तपासलेल्या कोष्टकाशी, फरक शून्य. इथे टक्केवारी लावायची नाही.

४ जुलै : गु-१५ ते गु-१७

नवे फॅट मशीन : एक जोड-फाइल, बाकी कोडला हात नाही, ३ मनुष्य-दिवस. मोजमाप बदललेल्या फाइलींच्या यादीवरून.

दरपत्रक : संघाने दुपारी २ पर्यंत पाठवलेले, ऑनलाइन केंद्रांवर संध्याकाळच्या शिफ्टला लागू. ऑफलाइन केंद्रावर जुन्या दराने पावती निघेल आणि तिच्यावर दरपत्रकाचा क्रमांक छापलेला असेल.

हाताने भरलेले फॅट : पावतीवर ‘हस्त’ असा शब्द छापायचा. लॉगमधली नोंद उत्पादक पाहत नाही, पावती पाहतो.

८ जुलै : क्रम

कार्डे २३ झाली. प्रत्येकाला दोन अक्षरे : महत्त्व आणि अवघडपणा, उ/म/क (उच्च, मध्यम, कमी). महत्त्व संघाने द्यायचे, अवघडपणा आपण. पहिल्या फेरीत संघाने २३ पैकी २१ ना ‘उ’ दिले. दुसऱ्या फेरीत जास्तीत जास्त ८ ‘उ’ अशी अट घातली. उ-उ अशी ५ निघाली : गु-०१, ०५, ०७, ०८, १३. रचनेचे निर्णय या पाचांवर तपासायचे.

११ जुलै : चाचण्यांशी जोडणी

प्रत्येक चाचणीच्या नावात कार्ड क्रमांक. जेमीटरच्या भार-चाचणीत गु-०७ ची मर्यादा थेट अट म्हणून घातली, ओलांडली की बिल्ड थांबते. फलकावर तीन रंग : पास, नापास, न मोजलेले. ‘न मोजलेले’ हिरव्यात धरायचे नाही.

आजची स्थिती : पास १४, नापास ३, न मोजलेली ६. ‘सचिवाला सोपी’ (गु-०९) न मोजलेल्यांत आहे. कार्ड असे : नव्या सचिवाने एक तासाच्या शिकवणीनंतर ३० नोंदींची शिफ्ट मदतीशिवाय पूर्ण करावी, दुरुस्त्या जास्तीत जास्त २. त्यासाठी सॉफ्टवेअर कधीही न पाहिलेले पाच सचिव संघाने द्यायचे आहेत.

नापासांत गु-०१ आहे, फक्त ९,६०० वर अडकलेल्या प्रिंटरच्या केंद्रांपुरते. त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत सूट, तोवर तिथे अंक आणि इंग्रजी अक्षरांची छोटी पावती. सूट कार्डावरच लिहिली आहे. १ ऑक्टोबरच्या सकाळी चाचणी आपोआप लाल होईल.